छापणं स्वस्त, तपासणं महाग

मराठी विश्वकोशाचा दुसरा खंड उघडून ‘इंटरनेट’ शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही. यात चूक कुणाचीच नाही. विश्वकोश अकारविल्हे निघाला, पहिला खंड १९७६मध्ये आला आणि ‘इ’ हे अक्षर त्याच दशकात छापून हातावेगळं झालं. तोवर हा शब्द मराठीत आलाच नव्हता. ‘एड्स’चंही तेच. ‘ए’ची पानं बांधून झाली, आणि हा आजार वैद्यकाच्या नजरेस आला १९८१मध्ये. एखाद्या गोष्टीचं नाव वर्णमालेत अलीकडे येतं की पलीकडे, यावर तिची माहिती किती ताजी हे ठरावं, ही गंमतच. पण छापील कोशाला त्यातून सुटका नसते. विसावा, म्हणजे शेवटचा खंड निघाला २०१५मध्ये. ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत पोचायला ३९ वर्षं लागली.

या ३९ वर्षांवरून वाईच्या विश्वकोशाची पुष्कळ थट्टा झाली. ती पूर्णपणे अनाठायी होती असं मी म्हणणार नाही, कारण सरकारी कामाची संथ चाल त्यात होतीच. पण या विलंबाचे दोन वेगळे भाग आहेत आणि थट्टा करताना ते एकात एक मिसळले जातात. एक वेळ गेला खिळे जुळवण्यात, छापण्यात, बांधण्यात. दुसरा गेला लिहिलेलं बरोबर आहे की नाही हे पाहण्यात. गेल्या दोनशे वर्षांत तंत्रज्ञानानं पहिला वेळ जवळजवळ शून्यावर आणला. दुसरा मात्र होता तिथेच आहे. प्रकाशनाच्या आणि माहितीच्या धंद्यात आज जी उलथापालथ दिसते, तिच्या मुळाशी बव्हंशी ही तफावत आहे. आणि ती टप्प्याटप्प्यानं पाहायची तर कृष्णाकाठच्या सातारा-सांगलीसारखा सोयीचा मुलूख दुसरा नाही.

आरंभ मिरजेपासून. १८०५ साली मिरजेत भगवद्गीता छापली गेली. मूळ कल्पना नाना फडणवीसांची. पुण्यातला इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट याच्यामुळे एका तांबट कारागिराला तांब्याच्या पत्र्यावर अक्षरं कोरून छापण्याची विद्या अवगत झाली होती, आणि तिच्या आधारे गीतेच्या प्रती काढाव्यात असं नानांच्या मनात होतं. १८००मध्ये नाना गेले. पुढे तो कारागीर मिरजेच्या गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाला आला आणि तिथे ते काम तडीस गेलं. मुद्रणाचे इतिहासकार अ. का. प्रियोळकर यांनी हा मागोवा काढून ठेवला आहे.

ही छपाई कशी होत असेल? पत्रा घासून गुळगुळीत करायचा. त्यावर अक्षरं उलटी कोरायची, म्हणजे कागदावर ती सुलटी उमटतात. खाचांत शाई भरायची, वरची पुसून काढायची आणि ओलसर कागद दाबून खाचेतली शाई उचलून घ्यायची. एका पानाला एक पत्रा. एखादा शब्द चुकला तर तेवढा भाग घासून, ठोकून पुन्हा कोरायचा. आणि गीता छापून झाली की त्या पत्र्यांतून ज्ञानेश्वरीची एक ओळसुद्धा निघणार नाही.

त्याच १८०५ सालात बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम केरी मराठीचं व्याकरण छापत होता, सुट्या खिळ्यांनी. खिळा म्हणजे शिशाच्या मिश्रधातूत ओतलेलं एकेक अक्षर. जुळवा, छापा, सोडा, पुन्हा जुळवा. मिरजेच्या तांबटाचं कसब त्यापुढे मागे पडलं ते पत्रा एकाच ग्रंथाच्या कामाचा म्हणून. खिळा कुठल्याही ग्रंथाला चालतो. एक मात्र आहे. मिरजेत तपासणीचा प्रश्न फारसा नव्हता. गीता मुखोद्गत असलेली माणसं गावात हवी तितकी मिळाली असती. नवा मजकूर छापायचा म्हटलं की तो प्रश्न उभा राहतो.

खिळ्यांचं युग मराठीत पावणेदोनशे वर्षं टिकलं, आणि देवनागरीनं त्याला चांगलंच जेरीला आणलं. इंग्रजीचं काम शंभर-दीडशे खणांत भागतं. देवनागरीला अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, काने, मात्रा, रफार, उकार धरून शेकडो प्रकारचे खिळे लागत. कंपोझिटर, म्हणजे आपला जुळारी, उभ्यानं काम करी. डाव्या हातात स्टिक, उजवा हात खणांवर, डोळा हस्तलिखितावर. कोणत्या खणात काय आहे हे बोटांना ठाऊक असे. ओळी गॅलीत जायच्या, गॅलीचं प्रूफ निघायचं, मुद्रितशोधक त्यावर खुणा करायचा, जुळारी चिमट्यानं चुकीचा खिळा उपसून बरोबरचा बसवायचा. सोळा पानांचा फर्मा छापून झाला की लगेच खिळे सोडून आपापल्या खणात परत टाकायचे, कारण लहान छापखान्याकडे पुढच्या फर्म्यापुरते वेगळे खिळे नसतच.

या एका अडचणीचे परिणाम दूरवर गेले. खिळे अडकून पडू नयेत म्हणून मालक प्रूफांसाठी लेखकाच्या मागे लागे. दुसरी आवृत्ती काढायची तर सगळं पुस्तक नव्यानं जुळवावं लागे, म्हणून कितीतरी चांगली पुस्तकं पहिल्या आवृत्तीनंतर दिसेनाशी झाली. आणि प्रत्येक दुरुस्तीला माणसाचे हात लागत असल्यानं लेखक, संपादक, शोधक या सगळ्यांना आधीच नीट पाहून घेण्याची सवय लागली. ही सवय काही कुणाच्या सद्गुणातून आली नव्हती. शिसं जड होतं, एवढंच.

आता किर्लोस्करवाडी. १९१०मध्ये औंध संस्थानातल्या कुंडलरोड स्टेशनाजवळच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना उभा केला. १९२०मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी, म्हणजे वाचकांच्या ‘शंवाकिं’नी, तिथून ‘किर्लोस्कर खबर’ काढायला घेतलं. नांगर आणि चरक बनवणाऱ्या कारखान्याचं ते पत्रक. त्याचंच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झालं. मग १९३०मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४मध्ये ‘मनोहर’ निघालं. आज सांगली जिल्ह्यात येणाऱ्या त्या ओसाड माळावरून मराठी मध्यमवर्गाच्या माजघरात शिरणारी तीन मासिकं निघावीत, याचं आश्चर्य वाटतं खरं. पण थोडा विचार केला तर उलगडा होतो. कारखान्यात यंत्रं होती, यंत्रं दुरुस्त करणारे हात होते, आणि दाराशी रेल्वे होती. अंक रेल्वेनं निघत, टपालानं घरोघर पोचत, आणि वाचकांची पत्रं त्याच वाटेनं परत येत. या यशात छापखान्याचा वाटा जेवढा, तेवढाच रेल्वेच्या टपालडब्याचा आहे. पुण्यात दुकान असणं ही अट त्या डब्यानं रद्द केली. अंतर मोडून काढण्याचं हे काम पुढे इंटरनेटनं केलं म्हणून आपण त्याचे पोवाडे गातो, पण या मुलखात ते शंभर वर्षांपूर्वी एकदा होऊन गेलेलं आहे.

वाईची तऱ्हा निराळी. तिथे घाई कधी नव्हतीच. प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे, म्हणजेच केवलानंद सरस्वती, यांच्याभोवती धर्मकोश आणि मीमांसाकोशाची कामं सुरू झाली होती. प्राज्ञ प्रेसचा छापखाना गावातच होता. त्याच परंपरेतले तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी १९६०मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाचे अध्यक्ष झाले, आणि विश्वकोश मुंबई-पुण्याऐवजी वाईला आला. १ डिसेंबर १९८०पासून विश्वकोशाचं मंडळ स्वतंत्र झालं. छपाईसाठी सरकारी मुद्रणालयही वाईतच आलं.

विश्वकोशाचं पहिलं छापील फळ पहिला खंड नव्हतंच. त्याआधी, १९७३मध्ये, परिभाषासंग्रह आला. हा क्रम महत्त्वाचा आहे. शेकडो लेखक निरनिराळ्या गावांतून लिहिणार. एकानं एका संकल्पनेला एक मराठी शब्द वापरला आणि दुसऱ्यानं दुसरा, तर ‘पहा : अमुक’ ही साधी खूणही वाचकाला भलत्याच पानावर नेऊन सोडेल. म्हणून आधी शब्द ठरवायचे, मग नोंदींच्या याद्या, मग लेखक शोधायचे, मग त्यांच्याकडून लिहून घ्यायचं, ते दुसऱ्या जाणकाराकडून तपासायचं, संपादकांनी लांबी आणि भाषा सारखी करायची, आणि त्यानंतर जुळाऱ्याकडे पाठवायचं. सगळा व्यवहार टपालानं.

समजा ‘हळद’ ही नोंद आहे. वनस्पतिशास्त्र एकाचं, लागवड दुसऱ्याची, औषधी उपयोग तिसऱ्याचा, व्यापार चौथ्याचा. सांगलीची पेठ हळदीची म्हणून तिचा उल्लेख हवाच, पण किती ओळींचा? उत्पादनाचा आकडा कोणत्या वर्षाचा? लेखकानं लिहिला तेव्हा ताजा असलेला आकडा खंड छापायला जाईपर्यंत शिळा होतो, आणि ‘ह’ तर वर्णमालेच्या शेपटाला. तेव्हा प्रत्येक वेळी कुणीतरी बसून, संदर्भ काढून, आकडा बदलायचा. अशा अठरा हजारांहून अधिक नोंदी झाल्या. तर्कतीर्थ १९९४मध्ये गेले तेव्हाही खंड पुरे व्हायचे होते.

मग संगणक आला, आणि जुळारी, स्टिक, गॅली, खिळे हे सगळं बघता बघता भंगारात गेलं. नव्वदच्या दशकात सांगली-साताऱ्याच्या गल्लीबोळांत डीटीपी सेंटरच्या पाट्या लागल्या. लग्नपत्रिका, निवडणुकीची पत्रकं, शाळेची स्मरणिका, एखाद्या हौशी कवीचा संग्रह, सगळं एकाच टेबलावर. जुळाऱ्याला जिथे आठवडा लागे ते काम दोन दिवसांत होऊ लागलं. पण या सोयीच्या पोटात एक खोट होती, आणि तिची किंमत मराठी प्रकाशक अजून मोजताहेत.

खोट अशी. त्या काळच्या संगणकाला देवनागरी कळत नव्हती. त्याला फक्त रोमन अक्षरांचे क्रमांक माहीत होते. म्हणून फाँट बनवणाऱ्यांनी एक युक्ती केली: रोमन अक्षराच्या क्रमांकावर देवनागरी अक्षराचं चित्र बसवलं. तेव्हाच्या एका खूप चाललेल्या फाँटात ‘सातारा’ टाइप केलं की संगणकाच्या पोटात साठवलं जातं ते ‘जी-एम-व्ही-एम-ए-एम’. ‘जी’ म्हणजे स, ‘एम’ म्हणजे काना, ‘व्ही’ म्हणजे त, ‘ए’ म्हणजे र. पडद्यावर आणि कागदावर ‘सातारा’ अगदी देखणं दिसतं. पण तो फाँट नसलेल्या संगणकावर तीच फाइल उघडली की रोमन अक्षरांचा कचरा. शोधयंत्राला विचारलं, ‘सातारा’ कुठे आहे, तर त्याच्या लेखी तो शब्द त्या फाइलीत नाहीच. शिवाय प्रत्येक कंपनीची अक्षरांची मांडणी वेगळी. एका फाँटातला मजकूर दुसऱ्यात ओतला की पुन्हा कचरा.

युनिकोडनं हा घोळ मिटवला. त्याची पहिली आवृत्ती १९९१ची. त्यात प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा कायमचा क्रमांक आहे: ‘स’ला २३६०, ‘त’ला २३४०, ‘र’ला २३५२, कान्याला २३६६. फाँट कुठलाही असो, पोटात साठतो तो हा क्रमांक. म्हणूनच आज मोबाइलवर मराठीत शोधता येतं, एकाचा मजकूर दुसऱ्याला वाचता येतो, दृष्टिहीन माणसाला यंत्र तो वाचून दाखवू शकतं. मराठीच्या काही गरजा त्यातही उशिरा भागल्या. ‘ॲ’ हे अक्षर, ज्याच्यावाचून ‘ॲप’ लिहिता येत नाही, युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आलं ते २००८मध्ये.

पण मधल्या पंधरा-वीस वर्षांत टाइप झालेल्या हजारो पुस्तकांचं काय? त्या फाइली जुन्या फाँटांत अडकून पडल्या आहेत. त्या युनिकोडमध्ये आणणारी सॉफ्टवेअरं मिळतात, आणि ‘सातारा’ बरोबर येतं. ‘साताऱ्याचा’ म्हटलं की मात्र गाडी अडते. तो चंद्रकोरीसारखा अर्धा ‘र’ कधी रफार होतो, कधी पुरता गळतो. ऱ्हस्व वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते. म्हणजे पुन्हा प्रूफं. प्रूफं वाचायची तर माणूस हवा, आणि नेमका तोच माणूस संगणक आल्यावर अनेक ठिकाणी कमी केला गेला. जुन्या पुस्तकांच्या ई-आवृत्त्यांत दर पानाला शुद्धलेखनाचे बळी दिसतात, त्यामागचं कारण पुष्कळदा हेच असतं. एकेका पुस्तकाची हजार-अकराशे प्रतींची आवृत्ती काढून ती पाच-सहा वर्षं विकणाऱ्या प्रकाशकाला यावर खर्च करायला सांगणंही तसं सोपं नाही.

ती आवृत्तीही आता तेवढी काढावी लागत नाही. ऑफसेटवर प्लेट बनवण्याचा खर्च शंभर प्रती काढा की हजार, तेवढाच. म्हणून हजार काढणं भाग होतं. डिजिटल छपाईत प्लेटच नाही, तेव्हा पन्नास प्रतीही परवडतात. गोदाम नको, गठ्ठे नकोत, वाळवीची भीती नको. श्राव्य पुस्तकांचाही जम बसला आहे. स्टोरीटेल २०१७च्या अखेरीस भारतात आलं ते मराठीसह. वाचायला वेळ नाही म्हणणारा माणूस कराड ते पुणे गाडी चालवताना कादंबरी ऐकतो. याबद्दल नाक मुरडणाऱ्यांनी कीर्तन आठवावं. ऐकून साहित्य मुरवण्याची रीत आपल्याकडे छापखान्याहून कितीतरी जुनी आहे. माण तालुक्यात म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी हे सामुदायिक रेडिओ केंद्र २००८पासून चालू आहे, ते याच आधारावर. ज्यांना वाचता येत नाही किंवा ज्यांच्याकडे वाचायला उसंत नाही, त्यांनाही माहिती लागतेच.

वर्तमानपत्रांचा बदल याहून मोठा, पण तो सर्वांनी पाहिलेला आहे, म्हणून थोडक्यात. जतचा किंवा विट्याचा वार्ताहर बातम्यांचं पाकीट एसटीच्या ड्रायव्हरकडे देई. गाडी सांगलीला पोचली की कार्यालयातला पोऱ्या स्टँडवर जाऊन ते घेई. गाडी बंद पडली तर बातमी उद्या. मग फॅक्स आला, ईमेल आला, आता मोबाइलवर बोलून टाइप केलेली बातमी फोटोसकट मिनिटभरात पोचते. पाकिटाच्या काळात उपसंपादकाला संध्याकाळपर्यंत दोन फोन करून खातरजमा करायला सवड मिळे. आता बातमी येते तेव्हाच ती आणखी चार ठिकाणी गेलेली असते. थांबलात तर मागे पडलात.

यंत्र जितकं नवं तितकं उपयोगी असंही नाही, हे वारणा खोऱ्यानं दाखवलं आहे. १९९८मध्ये वारणानगरच्या सहकारी साखर कारखान्याभोवतीच्या कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या ७० गावांसाठी ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. गावागावांत संगणकांची माहितीकेंद्रं, शेतीपासून शिक्षणापर्यंत सगळं त्यांतून मिळणार असा बेत होता. प्रत्यक्षात लोक केंद्रावर येत ते ऊस किती भरला, बिल किती झालं, तोड कधी, हे विचारायला. पुढे मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरमधल्या संशोधकांनी ते पाहिलं आणि सात गावांत संगणकाच्या जागी साधा मोबाइल आणि एसएमएस ठेवून पाहिला. नोंद क्रमांक पाठवला की उसाचा हिशेब उत्तरादाखल यायचा. ते शेतकऱ्यांना जास्त पसंत पडलं. सगळ्या जगाची माहिती देऊ पाहणाऱ्या पेटीपेक्षा माझ्या उसाचं वजन सांगणारे दोन ओळींचे संदेश मोलाचे ठरले. ते वजन कारखान्याच्या काट्यावर झालेलं होतं आणि त्याला जबाबदार माणूस होता, हेही त्यामागे आहे.

जबाबदार माणूस नसला की काय होतं, ते सांगलीनं ऑगस्ट २०१९मध्ये अनुभवलं. सांगलीकराला कृष्णेची पातळी म्हणजे आयर्विन पुलाजवळचा आकडा. ४० फुटांना इशारा, ४५ला धोका. त्या वर्षी पाणी ५७ फुटांवर गेलं. आकडा दर तासाला हवा होता, कोयनेतून किती सोडलं आणि अलमट्टीतून किती निघालं हेही हवं होतं. एकीकडे व्हॉट्सॲपवरूनच अडकलेल्या माणसांचे ठिकाण, नावेचा निरोप, औषधाची गरज हे सगळं पोचत होतं आणि त्यानं जीव वाचले. त्याच गटांत जुने व्हिडिओ, दुसऱ्याच गावचे फोटो, धरणाबद्दलच्या वावड्या फिरत होत्या. दोन्ही एकाच वेगानं, एकाच अक्षरात. वर्तमानपत्राच्या पानावर मोठा मथळा आणि आतली चौकट यांतला फरक डोळ्यांना कळतो. हिरव्या चौकटीतला संदेश जिल्हाधिकारी कार्यालयाचा की कुणाच्या मेव्हण्याचा, हे दिसण्यावरून कळत नाही.

त्याच पुरानं सांगलीचं नगर वाचनालय बुडवलं. १८६९ची संस्था, शतकोत्तर सुवर्णमहोत्सवाच्याच वर्षी हजारो ग्रंथ चिखलात गेले. कागद टिकाऊ आणि संगणक बेभरवशाचा, असं म्हणणाऱ्यांची तिथे बोलती बंद व्हावी. पण उलट बाजूही आहे. जुन्या फाँटातल्या फाइली आठवा. त्यांना पूर लागत नाही, आणि तरी त्या वाचता येत नाहीत. दुर्मीळ पुस्तकांची स्कॅन केलेली प्रत ठेवणं हे शहाणपण आहेच, पण स्कॅन म्हणजे नुसता फोटो. त्यातला मजकूर यंत्राला वाचता यावा यासाठी अक्षरओळखीचं सॉफ्टवेअर लागतं, आणि झिजलेल्या खिळ्यांनी छापलेल्या पिवळ्या पानावर ते ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांत हमखास फसतं. शेवटी पुन्हा मुद्रितशोधक.

आता कृत्रिम बुद्धिमत्ता मराठी लिहू लागली आहे, आणि बरी लिहिते. तिचं काम समजून घेण्यासारखं आहे. अफाट मजकूर वाचून कोणत्या शब्दांमागून कोणते शब्द येतात याचा अंदाज ती बांधते, आणि त्या अंदाजानं वाक्यामागून वाक्य रचते. ज्या विषयावर पुष्कळ लिहिलेलं आहे तिथे अंदाज बरोबर येतो. खटाव तालुक्यातल्या एखाद्या लहान गावातल्या देवळाचं साल विचारलं तर मराठीत तेवढा मजकूर नसतो, आणि मग ती तितक्याच सफाईनं चुकीचं साल सांगून मोकळी होते. अडखळत नाही, ही खरी पंचाईत. चुकणारा माणूस निदान जरा चाचरतो. यामुळे लेखकांच्या पोटावर पाय येईल का, यावर बरीच चर्चा चालते. मला जास्त काळजी मुद्रितशोधकाची आणि समीक्षकाची आहे. लिहिणं फुकट झालं की तपासण्याचं काम कैकपटीनं वाढतं, आणि त्याचे पैसे द्यायला कुणी तयार नसतं.

या धांदलीत माणसं आपापल्या परीनं वाट काढतात. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावनं ऑगस्ट २०२२पासून संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजवून दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवायला सुरुवात केली. मुलं अभ्यासाला बसतात. महाबळेश्वरजवळच्या भिलारला ४ मे २०१७पासून पुस्तकांचं गाव आहे, वेल्समधल्या हे-ऑन-वाय या गावावरून सुचलेलं. स्ट्रॉबेरी पिकवणाऱ्यांच्या घरांत, ओसरीवर कपाटं आहेत. कुणीही बसून वाचावं. तिथे वाचण्यापेक्षा पुस्तक हातात धरून फोटो काढणारे जास्त दिसतात असा टोमणा मारता येईल. पण धरतात हेही काही कमी नाही.

विश्वकोशानं आपला रस्ता बदलला आहे. पुण्याच्या सी-डॅकच्या मदतीनं छापील खंड युनिकोडमध्ये आले आणि सर्वांना फुकट खुले झाले. नव्या नोंदींसाठी विषयवार ज्ञानमंडळं केली. विद्यापीठांतली, संस्थांतली माणसं आपापल्या विषयाच्या नोंदी लिहितात. आता ‘इ’ची वाट पाहावी लागत नाही, नोंद तयार झाली की ती चढते, आणि प्लुटो ग्रहांच्या यादीतून २००६मध्ये निघाला यासारखी गोष्ट दुरुस्त करायला पुढच्या आवृत्तीची गरज उरलेली नाही. छपाईतली ती जुनी अडचण संपली. तपासणीचा टप्पा मात्र त्यांनी काढून टाकलेला नाही. या नव्या नोंदींच्या तळाशी, संदर्भांच्या आसपास, ‘समीक्षक’ असा शब्द आणि पुढे एका माणसाचं नाव असतं. नोंद कॉपी करून व्हॉट्सॲपवर पुढे पाठवली जाते तेव्हा बहुधा हीच ओळ गाळली जाते.